प्राचीन माणूस धान्य-कंद रांधायचा कसा, हे पुरातत्त्वज्ञ शोधतात तरी कसं?

अश्मकण

प्राचीन खाण्यावरच्या बहुतेक लेखांत एक यादी असते. अमुक ठिकाणी गहू सापडला, तमुक ठिकाणी जव, मसूर, ओकची फळं. यादी कामाची असते, पण माझं समाधान तिथे होत नाही. गव्हाचा दाणा सापडला म्हणजे कुणीतरी गहू गोळा केला किंवा पिकवला, एवढंच कळतं. तो भाजला, भरडला, भिजवून मोड आणले, लापशी केली की पीठ मळून ब्रेड भाजला, हे यादी सांगत नाही. माणसाची अक्कल, श्रम आणि चव मात्र याच मधल्या कामात असते. कितीतरी दाणे आणि कंद कच्चे पचत नाहीत, काही कडू असतात, काही चक्क विषारी. ते खाण्याजोगे करणं हा माणसाने लावलेला शोध आहे, आणि शेतीच्या शोधापेक्षा तो खूप जुना आहे.

मी पुरावनस्पतीशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. उत्खननातून आलेल्या मातीतून जळके दाणे वेचणं, त्यांची ओळख पटवणं हे रोजचं काम. या विषयावर मराठीत सविस्तर चर्चा व्हावी असं खूप दिवस मनात होतं.

सुरुवात जॉर्डनच्या शुबायका १ या ठिकाणापासून करते. ईशान्य जॉर्डनच्या काळ्या वाळवंटात नातुफियन काळातल्या एका दगडी बांधकामात दोन चुली सापडल्या. नातुफियन म्हणजे शेती सुरू होण्याआधीचे, शिकार आणि रानातलं गोळा करून जगणारे लोक. त्या चुलींच्या राखेत कोळसा झालेल्या अन्नाचे तुकडे होते. अमाया अरान्स-ओताएगी आणि सहकाऱ्यांनी त्यांतले २४ तुकडे ब्रेडसारख्या पदार्थाचे असल्याचं २०१८ मध्ये मांडलं. वय सुमारे १४,४०० वर्षं, म्हणजे त्या भागात शेती रुजण्याच्या निदान ४,००० वर्षं आधी. त्यात रानटी एकदाणी गव्हासारखी धान्यं होती आणि पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्याच्या जातीच्या एका वनस्पतीचे कंदही होते.

म्हणजे आधी शेती आणि मग ब्रेड, हा आपण गृहीत धरलेला क्रम इथे उलटा झाला. आणि तो उलटा झाला तो काही मिलिमीटरच्या काळ्या तुकड्यांमुळे. पूर्वी असे तुकडे 'ओळख न पटलेले' असं लिहिलेल्या डबीत जायचे. दाणा अखंड नाही, आकार नाही, म्हणजे काही कळणार नाही असं मानलं जायचं. आता त्या जुन्या डब्या पुन्हा उघडल्या जात आहेत, आणि मला या शास्त्रातली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच वाटते.

माझ्या मते सगळ्याचा गाभा असा: दळणं, भिजवणं, भाजणं, उकळणं, आंबवणं, मोड आणणं यातली प्रत्येक क्रिया वनस्पतीच्या पेशींची आपापल्या ठरावीक पद्धतीने मोडतोड करते. ती मोडतोड टिकून राहिली तर तिच्यावरून क्रिया ओळखता येते. टिकते कशी, ओळखायची कशी आणि फसगत कुठे होते, यावर बोलू या.

शंकासूर

विषय फार आवडला. पण पहिलीच शंका मुळावर आहे. जळलेला काळा तुकडा हा ब्रेडच आहे, लापशी नाही, हे कशावरून? आणि ते अन्न तरी होतं का? भरड धान्याच्या पोत्याला आग लागली असेल, गुरांच्या शेणात दाणे असतील आणि शेण जळणासाठी वापरलं असेल. कोळसा झाल्यावर सगळं सारखंच दिसत असणार.

अश्मकण

शंकासूर, शेणाची शंका अगदी रास्त आहे. पश्चिम आशियातल्या अनेक ठिकाणी जळक्या बिया शेणाच्या इंधनातून आल्या असाव्यात, यावर आमच्यात जुना वाद आहे. मात्र शेणातून आलेल्या बियांबरोबर सहसा गवताचे तुकडे, चाऱ्यातल्या तणांचं बी आणि शेणाच्या आतले सूक्ष्म खडे सापडतात. त्यामुळे एकटा दाणा बघून कुणी निष्कर्ष काढत नाही, आजूबाजूचा सगळा नमुना बघतात.

आता ब्रेड की लापशी. तुकडा मोडून त्याचा ताजा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे छिद्रं. मळलेलं पीठ भाजताना आतली वाफ आणि हवा फुगते आणि ठरावीक आकाराची, बरीचशी बंद छिद्रं तयार होतात. लापशीत पाणी भरपूर असल्याने पेशी विरघळल्यासारख्या होतात, छिद्रं वेगळी दिसतात आणि मोठे भरड कण तसेच अडकलेले राहतात. लारा गोन्सालेस कारेतेरो यांनी तुर्कस्तानातल्या चाताल्होयुक या नवाश्मयुगीन वस्तीच्या अवशेषांवर काम करताना या मोजमापांची पद्धत बसवली. शुबायकाच्या अभ्यासातही त्या स्वतः सहभागी होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कणांचा आकार आणि कोंड्याचे थर. धान्याच्या सालीखाली अॅल्यूरॉन नावाचा पेशींचा थर असतो. गव्हात तो एकेरी असतो, जवात दोन ते चार पदरी. त्यामुळे पिठातला कोंड्याचा बारीकसा तुकडाही धान्य ओळखायला पुरतो. कण किती बारीक आहेत यावरून दळण कसं होतं, चाळलं होतं का, याचाही अंदाज येतो.

'जळल्यानंतर तुटलं की आधीच भरडलं होतं' हा प्रश्नही सोडवता येतो. ग्रीसमधल्या सुलताना मारिया वालामोती यांनी उत्तर ग्रीसच्या कांस्ययुगीन घरांत सापडलेल्या तुटक्या दाण्यांवर हे काम केलं. दाणा आधी तुटला आणि मग जळला, तर तुटलेली बाजू उष्णतेने फुगून बाहेर येते आणि गुळगुळीत, चकचकीत दिसते. जळल्यावर तुटला तर ती बाजू खडबडीत आणि निस्तेज राहते. ताजं धान्य भरडून, उकडून, वाळवून आणि मग भट्टीत जाळून हे पडताळलं आहे. घरात मोठ्या प्रमाणावर आधीच भरडलेलं धान्य साठवून ठेवलं होतं, म्हणजे ऐनवेळी लवकर शिजेल अशी तयारी होती. एका कुटुंबाच्या वर्षभराच्या नियोजनाबद्दल त्या तुटक्या कडा बोलतात.

जुईली७

मोड आणलेलं धान्य ओळखता येतं का? बीअर बनवायला मोड लागतात म्हणून विचारते.

अश्मकण

जुईली, येतं. अंकुर टिकला असेल तर सोपं असतं, पण अंकुर बहुधा गळून पडलेला असतो. अंकुरताना दाणा स्वतःचाच साठा पचवायला लागतो, त्यात अॅल्यूरॉन पेशींच्या भिंती पातळ होत जातात. आंद्रेआस हाइस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की या पातळ झालेल्या भिंती जळून कोळसा झाल्यावरही दिसतात, आणि दाणा दळून पीठ झालेलं असलं तरी दिसतात. त्यांनी आधी प्रयोगशाळेत जवाला मोड आणून तो जाळून पाहिला. मग इजिप्तमधल्या राजवंशपूर्व काळातल्या तेल अल-फरखा आणि हिएराकोन्पोलिस इथल्या मद्यनिर्मितीच्या जागांचे अवशेष तपासले. तिथे बीअर बनत होती हे इतर पुराव्यांवरून माहीत होतं, त्यामुळे पद्धतीची परीक्षा झाली. त्यानंतर मध्य युरोपातल्या तलावकाठच्या वस्त्यांमधल्या अवशेषांतही तीच खूण मिळाली. हा क्रम मला फार विश्वासार्ह वाटतो: आधी स्वतः करून बघायचं, मग जिथलं उत्तर माहीत आहे तिथे तपासायचं, मग अज्ञाताकडे जायचं.

मोड आलेलं धान्य म्हणजे बीअरच असं मात्र नाही. मोड आणलेल्या धान्याची लापशी गोड लागते, पचायला हलकी असते. खूण मोडांची आहे, पेयाची नाही.

रेणूबंध

मी रसायनशास्त्राच्या बाजूने भर घालतो. वरची सगळी पद्धत जळण्यावर अवलंबून आहे, आणि तिथे एक मोठी गोम आहे. जे पाण्यात उकळलं आणि खाऊन संपलं ते जळत नाही, म्हणून ते दिसतही नाही. भाजण्या-सुकवण्यात अपघाताने जळणारी धान्यं मात्र भरपूर दिसतात.

याचं उत्तम उदाहरण स्कॉटलंडच्या बाह्य हेब्रिडीज बेटांवर आहे. तिथे तळ्यात बांधलेली कृत्रिम बेटं आहेत, त्यांना क्रॅनॉग म्हणतात. पाण्यातून इ.स.पू. ३६०० ते ३३०० च्या सुमाराची मातीची भांडी वर आली. मातीचं भांडं न चकाकवलेलं असेल तर शिजवताना स्निग्ध पदार्थ त्याच्या भिंतीत मुरतात आणि हजारो वर्षं अडकून राहतात. खापराची थोडी पूड करून द्रावकाने ते रेणू बाहेर काढायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राने, ओळखायचे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भांड्यांत गव्हाच्या खुणा मिळाल्या आणि अनेकदा त्या दुधाच्या खुणांबरोबर होत्या. त्या भागातल्या जळक्या दाण्यांत मात्र जवाचं वर्चस्व आहे. म्हणजे गहू शिजत होता, पण बहुधा अशा पद्धतीने की तो कोळसा होऊन मागे राहिला नाही. फक्त जळके दाणे मोजणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

धान्यांच्या अशा खुणा मिळणं सोपं नसतं. प्राण्यांच्या चरबीपुढे वनस्पतींचे स्निग्ध रेणू अगदी थोडे असतात आणि ते लवकर विघटित होतात. त्यामुळे 'भांड्यात फक्त चरबी सापडली' म्हणजे 'वनस्पती शिजत नव्हत्या' असं होत नाही. काही वनस्पतींची खास ओळखचिन्हं मात्र आहेत. वरीच्या जातीत मिलिअॅसिन नावाचा रेणू भरपूर असतो. पोलंड आणि कोरिया या दोन टोकांच्या ठिकाणच्या खापरांत तो सापडला आहे.

प्रथिनं आणखी नेमकी असतात. चाताल्होयुकच्या पश्चिम टेकाडातल्या, इ.स.पू. ५९०० च्या आसपासच्या भांड्यांच्या आतल्या बाजूला चुन्याचा थर साचला होता. पाणी उकळत राहिलं की भांड्यात थर धरतो, तसा. त्या थरात जव, गहू, वाटाणा आणि दूध यांची प्रथिनं मिळाली, हा अभ्यास २०१८ चा. एकाच भांड्यात धान्य, कडधान्य आणि दूध. ते एकाच वेळी घातलं होतं की वेगवेगळ्या दिवशी, हे मात्र थर सांगत नाही. भांडं वर्षानुवर्षं वापरलं जातं आणि सगळ्या स्वयंपाकांची बेरीज आपल्यासमोर येते. या पद्धतीची खरी मर्यादा ही आहे.

उत्तररात्र

चवीसाठी काही घालत होते का, हे कळतं का? पोट भरणं वेगळं आणि चव वेगळी.

रेणूबंध

कळतं, आणि ते उदाहरण माझं आवडतं आहे. डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीतल्या सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या भांड्यांच्या करपलेल्या खरपुडीत फायटोलिथ सापडले. फायटोलिथ म्हणजे वनस्पती जमिनीतून सिलिका शोषून पेशींत साठवते ते सूक्ष्म काचेसारखे कण. वनस्पती कुजली, जळली तरी ते राहतात. हे कण लसूण-मोहरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रानटी झाडाच्या बियांचे निघाले. त्याच खरपुडीत मासे आणि मांसाच्या स्निग्ध खुणा होत्या. त्या बियांचं पोषणमूल्य नगण्य, वास मात्र तिखट, उग्र. पोट भरायला कुणी त्या घालणार नाही. बिया कुटून घातल्या असाव्यात असं संशोधकांना वाटतं. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

सूक्ष्मदर्शी

पिष्टकणांबद्दल (पिष्ट म्हणजे स्टार्च) अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. लोकप्रिय बातम्यांत सगळ्यात जास्त त्यांचीच चर्चा असते आणि सगळ्यात जास्त काळजीही तिथेच घ्यावी लागते.

वनस्पती पिष्ट कणांच्या रूपात साठवते. प्रत्येक जातीत त्या कणांचा आकार, केंद्र, रेषा वेगळ्या असतात. ध्रुवीकृत प्रकाशात कणावर एक काळी फुली दिसते. पाण्यात शिजवलं की साधारण ५५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, वनस्पतीनुसार, कण फुगतो आणि ती फुली पुसट होत नाहीशी होते. दळलं की कणाला चिरा पडतात, मध्यभाग काळवंडतो. कोरडं भाजलं तर परिणाम वेगळा दिसतो, कारण पाणी नसेल तर कण तसा फुगत नाही. म्हणजे कण वनस्पतीही सांगतो आणि क्रियाही.

इटलीतल्या पाग्लिच्ची गुहेतला दळायचा दगड बघा. वय सुमारे ३२,६०० वर्षं. २०१५ च्या अभ्यासात त्यावर ओट्सच्या जातीचे आणि इतर वनस्पतींचे पिष्टकण मिळाले, आणि काही कण फुगलेले होते. संशोधकांचं म्हणणं असं की धान्य दळण्याआधी त्याला उष्णता दिली होती. थंड हवामानात दाणे आधी वाळवले, गरम केले की दळायला सोपे जातात. त्याच इटलीत बिलांचिनो इथे, तसंच रशिया आणि चेकियातल्या आणखी दोन ठिकाणी, ३०,००० वर्षांपूर्वीच्या दगडांवर पाणकणसासारख्या वनस्पतींच्या कंदांचं पिष्ट मिळालं. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो २ इथे २३,००० वर्षांपूर्वीच्या दगडावर रानटी जव.

आता काळजीचा भाग. पिष्ट आजच्या जगात सर्वत्र आहे. हातमोजे चिकटू नयेत म्हणून त्यात मक्याच्या पिठाची भुकटी असायची. प्रयोगशाळेच्या हवेत, कागदात, साबणात पिष्ट असतं. २०१४ मध्ये अॅलिसन क्राउदर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळांचीच तपासणी केली तेव्हा गहू, मका, बटाटा यांचे कण सर्रास मिळाले. नेमकी हीच पिकं प्राचीन म्हणून जाहीर होण्याची शक्यता सगळ्यात जास्त! त्यातून फुगलेला कण म्हणजे शिजवलेलाच असंही नाही. मातीतला ओलावा, बुरशी आणि विकरंसुद्धा (एन्झाइम) कण बिघडवतात.

म्हणून पिष्टाचा अभ्यास वाचताना मी आधी नियंत्रण नमुने शोधतो. दगडाच्या न वापरलेल्या बाजूवर काय मिळालं? शेजारच्या मातीत काय? रिकाम्या काचपट्टीवर काय? ही उत्तरं नसतील तर वनस्पतीचं नाव कितीही रोमांचक असो, मी तो निष्कर्ष बाजूला ठेवतो.

शंकासूर

हा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मग नीअँडरथल माणसाच्या दातांवर शिजवलेलं धान्य सापडल्याची बातमी कितपत धरायची?

सूक्ष्मदर्शी

ती अमांडा हेन्री यांच्या २०११ च्या अभ्यासाची. इराकमधली शानिदार गुहा आणि बेल्जियममधली स्पाय गुहा, दोन्हींतल्या नीअँडरथलांच्या दातांवरचं किटण. किटण म्हणजे लाळेतल्या क्षारांनी टणक झालेला थर, जिवंतपणीच बंद होत जाणारा. म्हणून दगडाच्या उघड्या पृष्ठभागापेक्षा तो सुरक्षित मानतात. शानिदारच्या माणसाच्या किटणात खजुराच्या जातीच्या, शेंगवर्गीय आणि गवतवर्गीय वनस्पतींच्या खुणा मिळाल्या आणि काही कण शिजल्यासारखे होते. वनस्पती खाल्ल्या जात होत्या हे मी मानतो. शिजवण्याबद्दल मी त्या एका पुराव्यावर थांबणार नाही, दुसरा वेगळा पुरावा हवा.

अश्मकण

तो दुसरा पुरावा त्याच गुहेतून आला! सेरेन काबुकचू आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये शानिदारमधले आणि ग्रीसच्या फ्रँख्ती गुहेतले जळक्या अन्नाचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. शानिदारमधला सगळ्यात जुना तुकडा नीअँडरथलांच्या थरातला, सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीचा. फ्रँख्तीचे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीचे. कडधान्याच्या जातीच्या रानटी बिया भिजवून, भरड कुटून, इतर बियांबरोबर एकत्र केल्याच्या खुणा त्यांना दिसल्या.

त्यात एक तपशील मला विशेष बोलका वाटतो. या बियांच्या सालीत कडवट टॅनिन असतं. भिजवणं आणि कुटणं यामुळे कडवटपणा कमी होतो, पण सालीचे तुकडे अन्नात उरलेले आहेत. म्हणजे साल पूर्ण काढून टाकली नव्हती. कडवटपणा थोडा ठेवला जात होता, असं संशोधक सुचवतात. आवडीने की सोयीने, ते ठरवता येत नाही. पण कुणीतरी ही क्रिया समजून केली होती, एवढं नक्की.

दगडधोंडे

माझा अभ्यास दळण्याच्या दगडांचा. पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, फिरतं जातं, असा साधारण कालक्रम आहे, जातं यात फार उशिरा येतं. पण दगडाचा प्रकार ओळखून काम संपत नाही. दगडावरची झीज वाचावी लागते.

दगडावर दगड घासला की उंचवटे सपाट होतात. मध्ये तेलकट बी असेल तर झीज गुळगुळीत, चमकदार होते. कोरडं धान्य असेल तर वेगळी. रंगाचा खनिज दगड दळला असेल तर ओरखडे खोल जातात. हे ओळखण्यासाठी आधी त्याच जातीच्या दगडाचे नवे पाटे बनवून, त्यावर तासन् तास एकच पदार्थ दळून, मग सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करावी लागते.

तुर्कस्तानातल्या गोबेकली तेपे इथे ७,००० हून अधिक दळण्याची साधनं आहेत. जळके दाणे मात्र तिथे फार कमी टिकले. लॉरा डीट्रिख आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये झीज, फायटोलिथ आणि स्वतः दळून केलेले प्रयोग एकत्र ठेवले. फायटोलिथनी धान्याची ग्वाही दिली. झिजेची तुलना मुख्यतः भरडीशी जुळली, बारीक पिठाशी कमी. म्हणजे तिथे लापशीसारखे पदार्थ मोठ्या प्रमाणावर होत असावेत. बिया जवळजवळ नसताना फक्त दगडांवरून स्वयंपाकाचा अंदाज बांधता आला, हे मला मोठं यश वाटतं.

दळणाची आणखी एक साक्ष आहे आणि ती हाडांत आहे. सीरियातल्या अबू हुरेरा इथे (१९७०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी घाईने उत्खनन झालेलं ठिकाण) थेया मोलेसन यांनी सांगाडे तपासले. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, पाठीच्या खालच्या मणक्यांना इजा. गुडघे टेकून, पायाची बोटं दुमडून, पुढे-मागे झुकत रोज तासन् तास दळणाऱ्या शरीराची ही लक्षणं, आणि ती प्रामुख्याने बायकांच्या हाडांत. २०१७ मध्ये मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायकांच्या दंडाच्या हाडांची तुलना आजच्या अव्वल नौकानयनपटू महिलांशी केली गेली, आणि त्या प्राचीन बायकांची हाडं अधिक मजबूत निघाली. रांधण्याच्या इतिहासात पदार्थांची नावं येतात, ते दळणाऱ्या माणसांचे गुडघे येत नाहीत. ते यायला हवेत.

जुईली७

हे वाचून थांबले थोडा वेळ. रोज किती तास लागत असतील एका घराला पुरेल इतकं दळायला...

उत्तररात्र

विषारी वनस्पतींचं काय? वर उल्लेख झाला आहे.

अश्मकण

उत्तररात्र, तिथे पुरावा बऱ्याचदा पदार्थात नसून जागेत असतो. जपानच्या प्रागैतिहासिक जोमोन काळातल्या काही पाणथळ ठिकाणी वाहत्या पाण्याला अडवणाऱ्या लाकडी चौकटी आणि शेजारी घोडचेस्टनटच्या टरफलांचे ढीग सापडले आहेत. ते फळ कच्चं खाता येत नाही. कडू, विषारी घटक पाण्यात धुऊन काढावे लागतात. चौकट, पाणी आणि टरफलं एकत्र आली की प्रक्रिया उभी राहते. फक्त फळाचा तुकडा मिळाला असता तर हे कळलं नसतं.

तसंच धान्याचं. गॉर्डन हिलमन यांनी तुर्कस्तानातल्या खेड्यांत आणि ग्लिनिस जोन्स यांनी ग्रीसच्या एका बेटावर हाताने शेती करणाऱ्यांचं काम बारकाईने नोंदवलं. मळणी, उफणणी, चाळणं, निवडणं, प्रत्येक पायरीवर वेगळा कचरा पडतो. उफणताना हलका भुसा उडतो. बारीक चाळणीतून लहान तणबी खाली पडतं. दाण्याएवढंच तणबी शेवटपर्यंत धान्यात राहतं आणि हातानेच वेचावं लागतं. म्हणून राखेत नुसतं दाण्याएवढं तणबी मिळालं तर तिथे घरात बसून कुणी धान्य निवडत होतं आणि वेचलेला कचरा चुलीत टाकत होतं, असं म्हणता येतं.

रेणूबंध

प्रत्यक्ष खाल्लेलं अन्न पाहायचं असेल तर टोलुंड माणसाचा उल्लेख हवाच. १९५० मध्ये डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेला, इ.स.पू. ४०५ ते ३८० च्या दरम्यान मरण पावलेला माणूस. आम्लधर्मी दलदलीने त्याची आतडीसुद्धा टिकवली. २०२१ मध्ये आतल्या अन्नाचा पुन्हा अभ्यास झाला. सुमारे ८५ टक्के जव, ९ टक्के एक रानटी तणबी, ५ टक्के जवस, शिवाय माशाचे अंश. त्यातच करपलेल्या अन्नाचे बारीक तुकडे होते. म्हणजे मातीच्या भांड्यात लापशी शिजली, तळाला लागली, आणि ती खरपुडी त्याच्या घासात आली. तणबियांबरोबर वाळूही होती, त्यावरून तो मळणीनंतर चाळून उरलेला कचरा असावा आणि तो मुद्दाम लापशीत घातला असावा, असं संशोधक म्हणतात.

अश्मकण वर म्हणाल्या तो चाळणीचा कचरा इथे थेट पोटात आहे.

शंकासूर

वाद अजून न सुटलेली उदाहरणं सांगाल का कुणी? सगळं इतकं जुळत गेलं की मला चैन पडत नाही.

सूक्ष्मदर्शी

लाजियाच्या नूडल्स. वायव्य चीनमध्ये ४,००० वर्षांपूर्वीच्या गाळात एक उलटं पडलेलं वाडगं आणि त्याखाली पिवळ्या लांब शेवया. २००५ मध्ये पिष्टकण आणि फायटोलिथवरून त्या राळं आणि वरीच्या असल्याचं प्रसिद्ध झालं. मग आक्षेप आला की या पिठाला ताण देता येत नाही, अशा लांब शेवया ओढता येणारच नाहीत, आणि शिजल्यावर पिष्टकण इतके शाबूत कसे? त्यावर मूळ गटाने उत्तर दिलं की ओढण्याऐवजी पीठ दाबून छिद्रांतून काढलं तर राळ्याच्या शेवया होतात, आणि करून दाखवल्या. हे शक्य आहे हे सिद्ध झालं, तसंच झालं होतं हे नाही. पहिला आक्षेप मला आजही वजनदार वाटतो.

दुसरं, राकेफेत गुहा. इस्राएलमधली नातुफियन दफनभूमी, दगडात कोरलेली उखळं, सुमारे १३,००० वर्षं. २०१८ मध्ये तिथे धान्याची बीअर केल्याचा दावा झाला, पिष्टकणांच्या बिघाडावरून. अनेकांनी तो मान्य केलेला नाही, कारण तसा बिघाड इतर कारणांनीही होतो.

अश्मकण

राकेफेतबद्दल मी सूक्ष्मदर्शींच्या बाजूने आहे. तिथे जळके मोड आलेले दाणे मिळाले असते, किंवा अॅल्यूरॉनची खूण मिळाली असती, तर माझं मत बदललं असतं. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन-तीन पद्धती एकाच क्रियेकडे बोट दाखवतात तेव्हाच मी 'असं रांधत होते' असं म्हणते. एकाच पद्धतीवर उभा असेल तो दावा मी 'शक्यता' या शब्दाने लिहिते.

जुईली७

एक व्यावहारिक प्रश्न. माझी मैत्रीण पुढच्या हंगामात एका उत्खननात स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. तिला या दृष्टीने काय सांगू?

दगडधोंडे

दळायचा दगड सापडला की घासून धुवायचा नाही. ज्या मातीत होता ती थोडी त्याच्याबरोबर वेगळ्या पिशवीत ठेवायची, आणि जरा लांबची मातीही. दगडाचा वापरलेला पृष्ठभाग उघड्या हाताने चोळायचा नाही. तिथे बसून बिस्किटं खायची नाहीत, हे वर पिष्टाबद्दल वाचल्यावर सांगायला नकोच.

अश्मकण

आणि चुलीतली माती. फ्लोटेशनमध्ये माती पाण्यात ढवळतात, जळका भाग हलका असल्याने तरंगतो आणि पाव मिलिमीटरच्या आसपासच्या जाळीवर धरतात. बियांसाठी पद्धत उत्तम. पण जळक्या अन्नाचे सच्छिद्र गोळे पाण्यात फुटू शकतात. खोदताना डोळ्यांना काळा सच्छिद्र गोळा दिसला तर तो हाताने उचलून, कोरडाच, छोट्या कडक डबीत ठेवायला सांगा. कापूस भरू नका, धागे चिकटतात.

उत्तररात्र

शेवटचा प्रश्न. पालेभाज्या, हिरवी पानं? त्यांचा तर दाणाही नाही, कंदही नाही. त्या कायमच्या गेल्या का?

रेणूबंध

बऱ्याचशा गेल्या, पण सगळ्या नाहीत. पानांवर मेणाचा पातळ थर असतो. त्या मेणाचे लांब साखळीचे रेणू भांड्याच्या भिंतीत मुरतात. लिबियाच्या सहारातली उआन अफुदा आणि ताकारकोरी ही ठिकाणं, काळ इ.स.पू. ८२०० ते ६४००, तेव्हा तिथे तळी आणि हिरवळ होती. ज्युली डन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तिथल्या खापरांत गवताच्या बिया, पानं आणि पाणवनस्पती शिजवल्याच्या खुणा दाखवल्या. भांड्यात वनस्पती शिजवल्याचा इतका जुना थेट पुरावा तोवर नव्हता. पान नेमकं कुठल्या झाडाचं, हे मेण सांगत नाही. पाण्यात वाढणारं की जमिनीवरचं, एवढं मात्र वेगळं काढता येतं, कारण पाणवनस्पतींच्या मेणाच्या साखळ्या लांबीने वेगळ्या असतात.